सिनेमा संपला, आता बोलूया

शेंगा फोडत असाल, भाकरी थापत असाल, नाहीतर वैरण टाकून घटकाभर टेकला असाल, आहात तिथूनच ऐका. दर वेळी आम्ही हप्ता, व्याज, बँकेचं पासबुक यांवर बोलतो. आज सिनेमावर बोलणार आहोत. "बचत गटाच्या बाया आणि सिनेमा?" असं तुमच्या घरात कुणी म्हणेल. आमच्या गावातही म्हणाले. म्हणूनच हा विषय घेतला.

गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. आमच्या पाच गटांनी मिळून ठरवलं की महिन्याची बैठक झाली की एक जुना सिनेमा पाहायचा, आणि पाहून झाल्यावर उठून जायचं नाही, त्यावर बोलायचं. समाजमंदिराची भिंत पांढरी होतीच. शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला. पहिला सिनेमा निवडला 'कुंकू'. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, 1937 सालचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. सिनेमा मोठा, म्हणून दोन बैठकांत पाहिला.

त्यातली नीरा अनाथ. ज्यांनी सांभाळली त्याच नातेवाइकांनी तिला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, तिचं लग्न लावून दिलं. बिजवर नवरा, त्याची मुलं तिच्या वयाची. नीरा त्या घरात राहते, पण त्याला नवरा मानायला तयार होत नाही. रडून गप्प बसत नाही, तोंडावर सांगते. त्या सिनेमात गाणी सोडली तर मागे वाजणारं संगीत नाही. घरातल्या मोठ्या जुन्या घड्याळाची टिकटिक, पावलांचा आवाज, भांड्यांचा आवाज, एवढंच. त्यामुळे समाजमंदिरात अशी शांतता झाली की बाहेरच्या पावसाचा आवाजही सिनेमातलाच वाटायला लागला.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक कळते आणि ते स्वतःचा जीव देऊन तिला मोकळी करतात. दिवे लागले. सुरुवातीला कुणी बोलेना. मग आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजी म्हणाल्या, "तिला मोकळं करायला त्यानं मरायलाच पाहिजे होतं का? जिता असताना सोडता आलं नसतं?" त्या प्रश्नावर जो गलका झाला तो रात्री दहापर्यंत चालला. कुणी म्हणे म्हाताऱ्याची दया आली. कुणी म्हणे दया पोरीची करा. आणि त्या गलक्यात एक बाई हळूच म्हणाली, "आमच्या पुतणीला असंच स्थळ आलंय. बिजवर आहे. जमीन चांगली आहे. पोरगी अठरा पुरी आहे, कायद्यानं चूक काही नाही. पण तिला आम्ही कुणी विचारलेलंच नाही."

त्या घरानं पुढं काय ठरवलं ते इथं सांगणार नाही. तो त्यांचा घरचा विषय आहे. एवढंच सांगतो की पोरीला समोर बसवून विचारलं गेलं. आम्ही कुणी त्या घरी उपदेश करायला गेलो नव्हतो. पुतणीचा विषय काढायला त्या बाईला नीरेचा आधार मिळाला, इतकंच झालं.

पण गावात बोलणं सुरू झालं. गट बचतीसाठी आहे, बायका रात्री सिनेमे बघत बसतात, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणतात. पुढच्या बैठकीला निम्म्या बायका आल्या नाहीत. हा कार्यक्रम बंद करावा का, असा प्रश्न बैठकीत आला. ठराव करायच्या आधी आम्ही एक काम केलं. आमच्यात एक-दोघी बी. ए. झालेल्या आहेत. म्हटलं, सिनेमा पाहायला आणि त्यावर बोलायला आपल्याकडच्या बायका कधी बसायला लागल्या, ते तरी शोधू. तालुक्याच्या वाचनालयात बसून जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या देशातला पहिला मोठा कथापट 'राजा हरिश्चंद्र', दादासाहेब फाळके यांनी मुंबईत 3 मे 1913 रोजी लोकांना दाखवला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला कुणी बाई तयार होईना. पण बाई त्या सिनेमात नव्हती असं कसं म्हणावं? सरस्वतीबाई फाळके होत्या. सिनेमासाठी राबणाऱ्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या, आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यासारखी तांत्रिक कामंही त्या शिकल्या होत्या. दागिनेही गहाण पडले. त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई लेकीला घेऊन नाटकात काम करून पोट भरत होत्या. पडद्यावरची बाईची पहिली जागा अशी एका एकट्या आईनं घेतली.

पडद्यासमोरची जागा मिळायलाही वेळ लागला. आमच्या थोरल्या बाया सांगतात, जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा तेव्हा मधोमध दोरी बांधून कापड सोडलेलं असायचं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. सिनेमा संपला की लेकरू काखेत मारून गाडीकडे पळायचं. पुरुष चहाच्या गाडीवर थांबून सिनेमाची चर्चा करायचे. बाईनं काय पाहिलं, तिला काय वाटलं, हे तिला कुणी विचारलं नाही. आणि 'कुंकू'तली नीरा झालेल्या शांता आपटे यांचं काय झालं, तेही वाचलं. 1939 साली कंपनीशी वाद झाला तेव्हा त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. पडद्यावर "नाही" म्हणणारी बाई पडद्याबाहेरही तशीच निघाली. हे वाचून दाखवल्यावर आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या.

आता ज्या बाईसाठी आज हे सगळं सांगायला बसलो, त्यांच्याकडे येतो. त्यांचं नाव विजया मुळे. जन्म मुंबईचा, 1921 सालचा. घर मराठी. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर बिहारमध्ये पाटण्याला गेल्या. परका मुलूख, परकी भाषा. पण तिथल्या विद्यापीठात बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येत होतं, म्हणून त्या शिकल्या. पुढे शिष्यवृत्ती मिळवून 1946 साली शिक्षणशास्त्र शिकायला इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्या. तिथं त्यांना एक नवी गोष्ट पाहायला मिळाली. फिल्म सोसायटी.

फिल्म सोसायटी म्हणजे काय, हे तुम्हाला समजवायला वेळ लागणार नाही, कारण तिचं काम आपल्या गटासारखंच चालतं. सभासद व्हायचं, वर्गणी भरायची, सगळ्यांच्या वर्गणीतून चांगला सिनेमा भाड्यानं आणायचा, एकत्र बसून पाहायचा आणि मग त्यावर बोलायचं. थिएटरचा मालक जे लावील तेच पाहायचं, असं इथं नाही. काय पाहायचं ते सभासद ठरवतात. आपल्या देशात कलकत्त्याला 1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी अशी सोसायटी काढली. राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. त्यांचा 'पथेर पांचाली' पडद्यावर यायला अजून आठ वर्षं होती.

विजयाताई परत आल्या आणि पाटण्याच्या फिल्म सोसायटीच्या कामाला लागल्या. नंतर सरकारी शिक्षण खात्यातल्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या, तिथंही फिल्म सोसायटी उभी करण्यात त्या पुढे होत्या. 1959 साली देशातल्या अशा सगळ्या सोसायट्यांचा मिळून महासंघ झाला. आपल्या गटांचा ग्रामसंघ होतो ना, तसाच. अध्यक्ष सत्यजित राय, आणि दोन सहसचिवांपैकी एक विजया मुळे, दुसरे चिदानंद दासगुप्ता. उपाध्यक्षांमध्ये मद्रासच्या अम्मू स्वामिनाथन होत्या, ज्या आपली राज्यघटना तयार करणाऱ्या सभेत होत्या. सहसचिव म्हणजे काय, ते गटाची सचिव झालेल्या बाईला विचारा. पत्रं लिहा, हिशेब ठेवा, सभा बोलवा, रुसलेल्यांची समजूत काढा. नोकरी आणि घरसंसार सांभाळून विजयाताईंनी हे केलं.

खरं तेही सांगायला हवं. या सोसायट्या शहरांतल्या होत्या. तिथं बहुतेक इंग्रजी जाणणारे लोक यायचे आणि त्यांत पुरुष जास्त. तुमच्या-आमच्या आज्या तिथं नव्हत्या. मग सोसायटी खेड्यात चालते का? चालते. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं लहान गाव आहे, सुपारीच्या बागा असलेलं. तिथं के. व्ही. सुब्बण्णा या शेतकरी लेखकानं 1973 साली निनासम या नाट्यसंस्थेची फिल्म सोसायटी काढली. देशोदेशीचे सिनेमे गावात आणले आणि गावकऱ्यांनी ते पाहून त्यावर चर्चा केली. सिनेमा कसा पाहावा हे शिकवणारी शिबिरं त्या गावात भरली. पुढे 1991 साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भाषा कळत नसली तरी जपानी सिनेमातल्या बाईचं दुःख सुपारी सोलणाऱ्या माणसाला कळतं, मग आम्हाला 'कुंकू' का कळू नये?

आता टीव्हीकडे या, कारण आपल्यापैकी बहुतेकींनी सिनेमा पहिल्यांदा टीव्हीवरच पाहिला. मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. पण ते खेड्यापर्यंत यायला फार वर्षं गेली. त्याआधी सरकारनं एक मोठा प्रयोग केला. 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर, उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम दाखवले. महाराष्ट्र त्यात नव्हता. गावाला एक टीव्ही, तो सगळ्यांचा. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम. त्या मुलांचे कार्यक्रम तयार करणाऱ्यांमध्ये कोण होतं? आपल्या विजयाताई.

त्यांचीच आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिलेली आहे, फक्त नाव ठाऊक नाही. दूरदर्शनवर लहानपणी एक चित्रांची फिल्म लागायची. पारध्याच्या जाळ्यात अडकलेली पाखरं एकदम जोर लावून जाळ्यासकट उडून जातात. 'एक अनेक और एकता', 1974 सालची. ती विजया मुळे यांनी केली. त्यातलं गाणं साधना सरगम यांनी लहानपणी गायलेलं आहे. बचत गटाच्या प्रशिक्षणात एकजुटीचं महत्त्व सांगताना आपण हीच पाखरांची गोष्ट सांगतो. ती आपल्या डोळ्यांसमोर उभी करणारी बाई मराठी होती, हे आम्हालाही वाचनालयात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. 2019 साली, 98 वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

टीव्हीवर पाहिलेल्यावर बोलणं का गरजेचं आहे, त्याचं एक उदाहरण देतो. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' ही हिंदी मालिका सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली. दारुडा नवरा, सोसणारी आई भागवंती, लग्नाच्या मुली, नोकरी शोधणारा मुलगा, असं साधं घर. दर भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे, या गोष्टीवर विचार करा म्हणायचे. लोकांनी लाखो पत्रं पाठवली. म्हणजे लोकांना बोलायचं होतं. पण पुढे गंमत अशी झाली. भागवंतीचं मुकाट्यानं सोसणं पाहून बायकांनी शहाणं व्हावं, असं करणाऱ्यांच्या मनात होतं. पुष्कळ प्रेक्षकांनी उलटंच घेतलं. त्यांना वाटलं, बाई असावी तर अशी, सगळं सोसणारी. घरात बसून एकटीनं पाहिलं तर शेजारणीनं त्यातून काय घेतलं ते कळत नाही. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोघीतिघी सरळ म्हणाल्या, "आम्ही पण तेच समजत होतो. आमच्या आईनं तसंच केलं होतं." पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या मालिकेवर तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं.

1987 साली 'रामायण' लागायचं, तेव्हा गावातल्या एका घरात टीव्ही आणि अंगणात सगळं गाव. टीव्हीला हार घातलेला. ते सगळं दाटीवाटीत एकत्र बसणं गेलं. आता हातात ज्याचा-त्याचा फोन आहे. एकाच चुलीपाशी सासू वेगळं बघते, सून वेगळं बघते, आणि दोघींच्या कानात दोन वायरी. फोनला आम्ही नावं ठेवत नाही. जुने सिनेमे आता त्याच्यातच मिळतात. लांब दिलेल्या लेकीशी एका सिनेमावर फोनवरून बोलता येतं, हेही आम्ही करून पाहिलं. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'कुंकू'वर बोलणं सुरू झालं, तर मुंबईला कामाला गेलेल्या दोन मैत्रिणीही त्यात आल्या. फोन चालेल. पण बघून झाल्यावर कुणाशी तरी बोला, एवढंच आमचं म्हणणं आहे.

हे सगळं घेऊन आम्ही पुन्हा बैठकीला बसलो. ज्यांच्या घरून विरोध होता त्यांना आधी बोलू दिलं. एक सून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, बघायचं तर बघ, पण तिथं बोलतेस कशाला?" त्यावर आमच्या आजी म्हणाल्या, "तिला पण घेऊन ये. तिला बोलायचं असेल म्हणून तर ती विचारते." पुढच्या वेळी सासूबाई आल्या. बोलल्या मात्र नाहीत. शेवटपर्यंत बसल्या.

मग ठराव झाला आणि वहीत लिहिला गेला. सिनेमा बैठकीच्या दिवशीच, संध्याकाळी सहाला सुरू, साडेआठच्या आत घरी. लांबलेला सिनेमा दोन वेळा मिळून पाहायचा. बोलताना जी आजवर बोललेली नाही तिला आधी विचारायचं. आणि बैठकीत कुणी घरची गोष्ट सांगितली तर ती समाजमंदिराच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. हा शेवटचा नियम त्या पुतणीच्या गोष्टीमुळे आला. गावात जे बोललं गेलं, त्यात आमचीही चूक होती. ती बाई आमच्यावर विश्वास ठेवून बोलली आणि आमच्यातूनच गोष्ट बाहेर गेली. तिची आम्ही माफी मागितली. ठराव मांडला तेव्हा सही करणारी पहिली तीच होती.

आता पुढच्या बैठकीला 'मंथन' लावणार आहोत. 1976 सालचा, श्याम बेनेगल यांचा. गुजरातच्या दूध सोसायटीची गोष्ट. त्यात आपल्या स्मिता पाटील आहेत. तो सिनेमा काढायला पैसा कुणी दिला ठाऊक आहे? गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. सिनेमा लागला तेव्हा ते शेतकरी गाड्या भरभरून स्वतःचा सिनेमा पाहायला गेले. दोन-दोन रुपये जमवून काय होतं, हे आपल्या गटाला कुणी शिकवायला नको.

तुमच्या गावात असा गट असेल तर त्यात जा. नसेल तर चार जणी मिळून सुरू करा. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत प्रोजेक्टर आहे का विचारा, नसेल तर एका घरचा टीव्ही चालतो. घरातल्या थोरल्या बाईला विचारा, तिनं पहिला सिनेमा कुठं पाहिला, कुणाबरोबर पाहिला, आणि तिला त्यातलं काय आवडलं नव्हतं. आम्ही विचारलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "साठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही गं." आणि मग अर्धा तास थांबल्या नाहीत.

'मंथन' पाहून आमच्या बाया काय म्हणाल्या, ते पुढच्या कार्यक्रमात सांगू. तोवर नमस्कार.